इंजिन बंद पडण्याचा धोका तासागणिक कसा साठतो? हिशेब असा करा

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तास उड्डाण करावं लागतं. त्यातले बरेचसे तास एका इंजिनाच्या विमानात जातात. 'इंजिन बंद पडलं तर?' हा घरच्यांचा प्रश्न ठरलेला. 'काही होत नाही' म्हणून तो टाळू नका, हिशेब मांडून दाखवा.

१. एका तासाचा धोका धरा. समजा, दहा हजार तासांत एकदा. हा आकडा निव्वळ उदाहरणाचा आहे.

२. आता बेरीज करू नका. बेरजेने दहा हजार तासांना १०० टक्के धोका येतो आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. उलट बाजूने चला. एक तास सुखरूप जाण्याची शक्यता ०.९९९९. ती स्वतःनेच गुणत २०० तासांपर्यंत न्या, म्हणजे ०.९९९९ चा २०० वा घात. उत्तर सुमारे ०.९८. ते १ मधून वजा केलं की उरतात २ टक्के. हजार तासांना साडेनऊ टक्के होतात, दहा हजारांना ६३.

३. मागचे तास विसरा. १९९ तास नीट गेले म्हणून २००वा तास जास्त धोक्याचा होत नाही. देखभाल चोख असेल, तर त्याचाही धोका दहा हजारांत एकच.

४. इंजिनं दोन असली, तर एखादं बंद पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. एकाच तासात दोन्ही बंद पडण्याची मात्र दहा कोटींत एक. पण दोन्हींचं कारण वेगवेगळं असेल, तरच हा गुणाकार चालतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या एकाच थव्याने एअरबसच्या दोन्ही इंजिनांचा जोर घालवला आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. १९८२ मध्ये जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेने जंबो जेटची चारही इंजिनं बंद पाडली होती. दोन्ही विमानांतले सगळे वाचले.

५. शेवटी, बंद इंजिन आणि अपघात यांत फरक करा. सेसना १७२ (शिकाऊ वैमानिकांचं एका इंजिनाचं छोटं विमान) इंजिनाशिवायही, वारा नसेल तर, हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. दहापैकी नऊदा नीट उतरता आलं असं धरलं, तर ते २ टक्के ०.२ वर येतात. इंजिन बंद पडणं आणि त्यानंतर नीट उतरणं, दोन्ही बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. टाकीतलं इंधन काठी बुडवून स्वतः मोजा, त्यात पाणी नाही ना ते पाहा. आणि प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणा: अमुक उंचीच्या आत इंजिन गेलं, तर समोरच उतरायचं, धावपट्टीकडे वळायचं नाही.