जॉकी हॉलोच्या छावणीत उभं राहण्याआधी

सगळ्यात आधी जळकं कापड, म्हणजे चकमकीची ठिणगी धरून ठेवणारं काळं केलेलं सुती कापड. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा आणि उठून डबी भरा.

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनजवळ १७७९-८०च्या हिवाळ्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनचं दहा हजारांवर सैन्य जॉकी हॉलोच्या जंगलात राहिलं. त्यांची काही खोपटं पुन्हा बांधली आहेत आणि थंडीत तिथे सैनिकांचा दिवस लोकांना दाखवतात. आपल्यातले काही जण यंदा पहिल्यांदाच सैनिक म्हणून उभे राहणार आहेत, म्हणून हे लिहितोय.

मागच्या वर्षी मी चकमक नेली, पोलादाची पट्टी नेली, तागाचा गुंता नेला. जळक्या कापडाची डबी घरी ओट्यावर राहिली. शाळेची मुलं चुलाण्याभोवती उभी, आणि ठिणग्या तागावर पडून विझत होत्या. वीस मिनिटं. एक मुलगी मोजे घातलेले हात तोंडाशी धरून विचारत होती, "आता पेटेल का?" शेवटी शेजारच्या खोपटातून निखारा आणला, तोवर मुलं निघून गेली होती. ते मला अजून लागतं.

ठिणगी नुसत्या तागावर टिकत नाही, तिला जळकं कापडच लागतं. निव्वळ सुती कापड घ्या, जुना पंचा उत्तम. तुकडे पत्र्याच्या डबीत भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबी घराबाहेर निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवा. गार होईपर्यंत झाकण उघडू नका, हवा लागली की आतलं सगळं पेटतं. कापड काळं झालं पाहिजे, राख नव्हे. एक तुकडा घरीच चकमकीवर धरून बघा: नारिंगी ठिपका पसरत गेला की जमलं. अशा दोन डब्या करा. एक पिशवीत, एक अंगावरच्या खिशात.

कपडे लोकरीचे आणि लिननचे. पॉलिएस्टर आतूनसुद्धा नको. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. लोकरीचे पायमोजे दोन जोड. त्या काळच्या पद्धतीच्या बुटांना डावा-उजवा नसतो आणि तळ गुळगुळीत चामड्याचा, त्यामुळे खोपटांकडे चढताना बर्फावर सावकाश. घड्याळ काढा. औषधं मात्र जवळ ठेवा, ती दिसली तरी चालतील.

जेवणाला पीठ, पाणी. मळून तापल्या दगडावर थापायचं. याला फायरकेक म्हणतात. विदर्भातल्यांना रोडगा आठवेल, पण यात ना मोहन, ना बरोबर वांग्याची भाजी. हा घास तोंडात घेतल्यावर भुकेबद्दल बोलणं सोपं जातं. जोसेफ प्लम्ब मार्टिन नावाच्या सैनिकाने लिहून ठेवलंय की त्या हिवाळ्यात बर्च झाडाची साल चावून दिवस काढले आणि काहींनी जुने जोडे भाजून खाल्ले. लोक हे हमखास विचारतात. सांगताना हसू नका, ती माणसं खरी होती. एका खोपटात बारा जण झोपत, हेही सांगा. आत उभं राहिलं की मुलं स्वतःच मोजायला लागतात.

बंदुकीला शिकलेल्या माणसानेच हात लावायचा. यावर वाद नको.

लाकूड तिथे मिळतं. पाणी भरपूर न्या. निघताना राख विझवा, कचरा उचला, बूट वाळत घाला.

आणि गाडी सुरू करण्याआधी खिसा चाचपा. डबी आहे ना? उघडून बघा, कापड कोरडं आहे ना?