ताटातलं लोह अंगी लागावं म्हणून

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात सगळ्यात आधी बीट येतं. मागोमाग डाळिंब, खजूर आणि शेजारणीने सांगितलेला कसलासा रस. बीट लाल आणि रक्तही लाल, एवढाच काय तो संबंध. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. बीट खाऊ नका असं नाही, पण रक्त वाढेल म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, लाल माठ, पोहे या आपल्या रोजच्या पदार्थांत लोह बऱ्यापैकी असतं. अडचण वेगळी आहे. धान्य, कडधान्य आणि भाज्यांमधलं लोह आतडी फार थोडं शोषून घेतात आणि तेही शोषलं जाऊ नये याची सोय आपण चहाच्या कपाने करून ठेवलेली असते. म्हणून बाजारात नवीन काही शोधायच्या आधी आहे तेच ताट नीट लावून बघायचं.

आधी आकडा बघा

थकवा, धाप लागणं, केस गळणं यावरून अंदाज बांधू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. बायकांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे चारचौघी गप्पा मारत बसल्या असतील तर सरासरीने त्यांतल्या दोघींना तो असणार.

आकडा ८ च्या खाली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. एवढी घसरण नुसत्या जेवणाने भरून निघत नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची तपासणीही करून घ्या. त्या आजारात रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं, लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करायच्या नसतात.

चहा जेवणापासून लांब न्या

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त कुरकुरही इथेच होते. कांदेपोह्यांची बशी घ्या. तांदळापेक्षा पोह्यांत लोह बरंच जास्त. वर शेंगदाणे, कोथिंबीर आणि कडेला लिंबाची फोड, म्हणजे लोह आहे आणि ते शोषून घ्यायला लागणारं क जीवनसत्त्वही आहे. इतकी चांगली जोडी जुळून आलेली असताना आपण काय करतो? लिंबाची फोड तशीच बशीच्या कडेला ठेवतो आणि पोह्यांच्या घासागणिक चहाचा घोट घेतो. चहातले टॅनिन लोहाला पोटातच धरून ठेवतात, मग ते आतड्यांतून रक्तात जात नाही. जेवणासोबत घेतलेल्या चहाने हे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. कॉफीचंही थोडंफार तसंच.

चहा सोडायची गरज नाही. (सोडा म्हटलं तर तुम्ही हे वाचणंच सोडाल.) खाण्याच्या आधी तासभर आणि नंतर दीड-दोन तास चहा नको, एवढंच. सकाळी उठल्यावरचा चहा लवकर उरका आणि नाश्ता तासाभराने करा. चहा-चपाती हाच ज्यांचा नाश्ता आहे त्यांनी चपातीसोबत रात्रीची उसळ किंवा शेंगदाण्याची चटणी घ्यावी आणि चहा दहा-साडेदहाला प्यावा. पहिला आठवडा डोकं दुखेल, मग सवय होते.

प्रत्येक जेवणात काहीतरी आंबट, तेही कच्चं

क जीवनसत्त्व सोबत असेल तर भाजी-भाकरीतलं लोह दुपटीने, कधी त्याहूनही जास्त शोषलं जातं. मात्र ते उष्णतेने नासतं. म्हणून लिंबू उकळत्या आमटीत पिळण्यापेक्षा ताटात वाढल्यावर पिळा. पेरूच्या फोडी, आवळ्याचा ताजा ठेचा, कैरीचा कीस, कोबी-टोमॅटोची कोशिंबीर, काहीही चालेल. चिंच-आमसुलाने चव येते, पण त्यांत क जीवनसत्त्व फारसं नसतं.

कडधान्याला मोड आणा

मटकी, मूग, हुलगे, चवळी यांच्या दाण्यांत फायटिक आम्ल असतं. ते लोहाला जखडून ठेवतं. दाणा भिजून रुजायला लागला की हे आम्ल कमी होत जातं, शिवाय मोडात थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं.

मटकी सकाळी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. रात्री ते पाणी ओतून द्या, पुन्हा एकदा धुवा आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून झाकणाच्या भांड्यात ठेवा. उन्हाळ्यात सकाळी फडकं उघडलं की मोड हजर, थंडीत आणखी एक दिवस लागतो आणि फडक्यावर मधूनमधून पाण्याचा हबका मारावा लागतो. आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर उसळ करू नका. मोड फार लांब होण्याचीही वाट बघायला नको. आंबवण्यानेही हेच साधतं, त्यामुळे ज्वारीची आंबील आणि आंबोळ्या अधूनमधून व्हायला हरकत नाही.

भाकरी, पालेभाजी, कढई

१०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं. पाळी सुरू असलेल्या बाईची गरज पुरुषाच्या दीडपट आहे हे घरातल्या सगळ्यांनी एकदा नीट वाचावं. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं, म्हणून थोडं थोडंच दळून आणा. धनशक्ती हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण मुद्दाम काढलेलं आहे, घरची शेती असेल तर बियाण्याची चौकशी करा.

पालेभाज्यांत नुसत्या पालकावर थांबू नका. लाल माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, चवळी आलटूनपालटून आणा. थंडीत आळिवाचे लाडू करणारी घरं अजून आहेत, आणि ते फक्त बाळंतिणीनेच खावेत असा काही नियम नाही.

लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंच घातलेलं काही शिजवलं की थोडं लोह पदार्थात उतरतं. शिजल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. रात्रभर ठेवलंत तर भाजी काळी पडेल, चव धातूसारखी लागेल आणि घरचे ती कढई पुन्हा बाहेर काढू देणार नाहीत.

मांसाहारी घरांचं काम सोपं आहे. मटण, कलेजी, मासळी यांतलं लोह सहज शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरी-भाजीतलंही शोषायला मदत करतं. गरोदरपणात कलेजी मात्र जपून, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

शेवटी जेवणाऱ्या बाईचं काय?

हे कुठल्याच आहार तक्त्यात नसतं. उसळ सगळ्यांना वाढून होते, पालेभाजी संपते आणि स्वयंपाक करणारी उरलेला भात आमटीच्या पाण्याशी कालवून उठते. अशा घरात वरची सगळी माहिती फुकट. उपाय साधा आहे. वाढायला सुरुवात करण्याआधी तिची वाटी भरून बाजूला ठेवायची किंवा सगळ्यांनी एकत्र बसायचं. दुसरा जास्त चांगला.

गोळी दिली असेल तर

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना आठवड्याला एक. ही गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री थोडं खाऊन झोपताना घ्या. पण न सांगता बंद करू नका. आकडा नीट झाल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरायला काही महिने लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक जणी गोळ्या बंद करतात.

जंतांचंही बघा. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितात आणि ते अनवाणी पायांतून शिरतात. शेतात, अंगणात चप्पल घाला. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

पुन्हा तपासा

गोळ्या सुरू असतील तर महिन्याभराने आणि नुसता आहार बदलला असेल तर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन परत मोजा. आकडा हललाच नसेल तर रक्त कुठेतरी जातंय का ते बघावं लागेल. पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध, जठरातला व्रण अशी कारणं असू शकतात. शाकाहारी माणसात हातापायांना मुंग्या येत असतील, जीभ गुळगुळीत होऊन झोंबत असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा, कारण ते कमी असेल तर कितीही लोह घेतलं तरी रक्त वाढत नाही.