‘सगळे दात येऊ देत, मग बघू’ आणि अशाच काही चुका

कुडाळला दातांचा दवाखाना थाटून मला अठरा वर्षं झाली. ‘सगळे दात येऊ देत, मग बघू’ हे वाक्य इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. असं म्हणणारे आईवडील पोराला तेराव्या-चौदाव्या वर्षी घेऊन येतात. तोवर सगळे दात आलेले असतात खरे, पण मिळेल तिथे घुसून. आठव्या वर्षी साध्या काढघालीच्या प्लेटवर निभावलं असतं, तिथे आता दोन वर्षं तार, आणि कधी कधी जागा करायला चांगले दात काढायचे.

पोराचे दात पहिल्यांदा दाखवायचं वय एकदाच सांगते: सात. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटनाही पहिल्या तपासणीसाठी हीच मर्यादा सांगते. या वयात पटाशीचे पक्के दात यायला लागलेले असतात आणि साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ बसलेली असते. जबडे एकमेकांवर कसे बसतात, पुढच्या दातांना जागा पुरेल का, याचा अंदाज तेव्हा बांधता येतो. तपासणी म्हणजे तार नव्हे. बऱ्याच पोरांना ‘सहा महिन्यांनी ये’ एवढंच सांगून घरी पाठवतात. एका आजोबांनी त्यावर मला विचारलं होतं, “मगे पैसे कसले?” काही करायची गरज नाही हे कळलं, त्याचे.

आता रबराची गोष्ट. ही मी सगळ्यांना सांगते, कंटाळले तरी सांगते.

गणपती होऊन आठवडा झाला होता. साडेआठ वर्षांची मुलगी, वरच्या दोन्ही पटाश्या लुळ्या. बोट लावलं की हलत होत्या, नेहमीपेक्षा लांब दिसत होत्या आणि हिरडी सुजून लाल झालेली. पडली का? नाही. कुणी मारलं? नाही. एक्स-रे काढला तर दोन्ही मुळांभोवतीचं हाड खाल्लं गेलेलं, आणि मुळांची टोकं एकमेकींना चिकटलेली. मी आईला चार वेळा विचारलं, तिने चार वेळा ‘काही केलं नाही’ म्हटलं. पाचव्यांदा पोरीला विचारलं. ती म्हणाली, “दादाने रबर लावलेलं.”

दादा म्हणजे मे महिन्यात मुंबईहून आलेला चुलतभाऊ. त्याने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. पटाश्यांमधली फट बुजवायची म्हणून वेणीचं बारीक रबर दोन्ही दातांभोवती अडकवलं. चार दिवसांत फट गेली, घरात कौतुक झालं. मग रबर दिसेना. झोपेत थुंकली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

रबर कुठेच गेलं नव्हतं. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं. त्यावर आवळलेलं रबर हिरडीखाली सरकतं आणि मुळावरून वर वर चढत राहतं. वाटेतलं हाड झिजवत जातं. एक्स-रेत ते दिसतही नाही. हिरडी उघडून मी ते चिमट्याने बाहेर काढलं तेव्हा आई खुर्चीवरून उठून बाहेर गेली. दोन्ही दात शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवले. एक टिकला, दुसरा पाच महिन्यांनी गेला. आता अठरा वर्षांची होईपर्यंत तिला तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दातही बसवता येणार नाही, कारण जबडा वाढत असतो. शाळेच्या फोटोला ती प्लेटवरचा खोटा दात लावून बसते.

आणि ती फट? बहुतेक आपोआपच गेली असती. सातव्या-आठव्या वर्षापासून अकरा-बारापर्यंत पटाश्यांमध्ये फट असणं, दात पंख्यासारखे फाकलेले दिसणं, हे बहुतेक मुलांत असतंच. बदकाच्या कुरूप पिल्लाचा काळ म्हणतो आम्ही त्याला. वरचे सुळे हाडातून खाली येताना शेजारच्या मुळांना रेटतात, म्हणून दात फाकतात. सुळे बाहेर आले की लहान फट सहसा आपोआप मिटते. फट मोठी असेल, किंवा मध्ये जादाचा दात अडकल्याची शंका असेल, तर एक्स-रे बघून ठरवतात. घरी रबर, दोरा, बोटाने दाबणं, यातलं काहीही करायचं नाही. तिकडे व्हिडिओ टाकणाऱ्याला नंतर पोरीचं तोंड बघायला लागत नाही.

माझं दुसरं दुखणं म्हणजे दुधाच्या दाढा. “दुधाचेच दात मा? पडतलेच.” पडतात, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं असताना पडतात. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारापर्यंत हव्या असतात. त्या किडल्या की लोक दुखेपर्यंत थांबतात आणि मग संध्याकाळच्या एसटीआधी ‘काढूनच टाका’ म्हणून येतात. काढून दिली की खूश. पाच वर्षांनी तेच येतात, कारण सहा वर्षांची पक्की दाढ पुढे सरकून बसलेली असते आणि खालून येणाऱ्या दाताला वाट नसते.

एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसा तोंडातही टाकता येतो. शेजारच्या दाढेवर एक कडं आणि त्याला तारेचा वळसा, बस. स्पेस मेंटेनर म्हणतात त्याला. नवा दात डोकावला की हा मेंटेनर काढून टाकायचा. मी दुधाची दाढ काढते तेव्हा कागदावर ‘जागा?’ असं लाल पेनने लिहून देते. त्यातले निम्मे कागद खिशातच धुतले जातात हे मला माहीत आहे. तरी देते. भरून वाचवता येत असेल तर मी दाढ काढतच नाही, मग कितीही घाई असो. एसटी पुढची मिळेल.

आता बाकीचं भराभर.

सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ काहीही न पडता येते, म्हणून आया तिला दुधाची समजतात आणि किडू देतात. ती शेवटपर्यंतची आहे.

खाली दुधाच्या दातामागे दुसरी रांग उगवली की घाबरून रात्री फोन करू नका. दुधाचा हलत असेल तर पोराला हलवू दे. तो पडला की जीभ मागचा पुढे ढकलते. दोन महिने झाले तरी हलत नसेल, तर आणा.

खालचे दात वरच्यांच्या पुढे बसत असतील, किंवा चावताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर सातची वाटही बघायची नाही. लगेच आणा.

चार वर्षांनंतरही अंगठा तोंडात असेल तर बोटाला मिरची लावू नका, रात्री तेच बोट डोळ्यात जातं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायला सांगते, अंगठा न घालता झोपलेल्या प्रत्येक रात्रीची एक. पोरांना फुल्या मोजायला आवडतं.

तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या मुलाला आधी नाक-कान-घसावाल्याकडे न्या. नाकामागची गाठ वाढलेली असली तर नुसत्या तारेने भागत नाही.

पुढे आलेले दात ‘दिसण्यापुरते’ नसतात. जांभ्याच्या पायरीवर आपटलं की आधी तेच फुटतात.

घरी बघायचं झालं तर दारात, उजेडात बघा. मी पटाश्या शेवटी बघते. आधी ‘मागच्या दाढांवर चाव’ म्हणते, मग गाल चमच्याच्या दांड्याने बाजूला करते. ‘दात दाखव’ म्हटलं की पोरं पुढचे दात जुळवून दाखवतात आणि तुम्ही फसता. दर वाढदिवसाला चावलेल्या दातांचा एक फोटो काढून ठेवा, मला त्याचा एक्स-रेइतका उपयोग होतो.

तार मी लावत नाही. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडेच पाठवते. माझ्याकडचे कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा येतात, आणि पावसात घाट बंद झाला की तेही नाही. तार लागलीच तर दीड-दोन वर्षं, दर चार-सहा आठवड्यांनी फेरी, हे धरून चाला. जत्रेतला कडक खाजा तेवढी वर्षं बंद. नाही ऐकलं तर ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा, सुटतं आणि पोरगं ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्यासमोर ठेवतं.

येताना जुना एक्स-रे आणा. पावसाळ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटून येतात, सोडवताना चित्रच निघतं. काढल्या दिवशीच त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, खिडकीच्या काचेवर धरून.