उत्तरतालिका चुकली आहे? हरकत अशी नोंदवा

लोकसेवा आयोगाची पहिली उत्तरतालिका (परीक्षेतल्या प्रश्नांच्या अधिकृत उत्तरांची यादी) आली की आधी हरकतीची मुदत पाहा. मग आपल्या प्रश्नपत्रिकेचा संच (A, B, C, D) तपासा. दुसऱ्याच संचाचा प्रश्नक्रमांक टाकला तर चांगली हरकतही वाया जाते. पुरावा म्हणून मूळ अधिनियम, शासकीय प्रकाशन किंवा प्रमाण पाठ्यपुस्तकाचे पान मुखपृष्ठासह जोडा. क्लासच्या नोट्स नकोत.

न्यायालयात कसोटी कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या समीर गुप्ता (१९८३) निकालानुसार तालिका बरोबरच धरली जाते. चूक उघड दिसायला हवी, लांबलचक युक्तिवादाने पटवावी लागणारी चालत नाही. त्याच न्यायालयाच्या रणविजय सिंह (२०१८) निकालाप्रमाणे शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. म्हणून 'दोन्ही पर्याय बरोबर वाटतात' एवढ्यावर याचिका करू नका.

तालिकाच सदोष ठरली तेव्हा मात्र राजेश कुमार (२०१३) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संबंधित संचाच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला लावल्या आणि आधीच रुजू झालेल्यांना काढले नाही. हे न्याय्यच होते. चूक त्यांची नव्हती.