‘सोलापुरीचादर’ कुठे तोडायचं?

आमच्या सोलापुरात दुकानाच्या यादीत हमखास सापडतं: ‘सोलापुरीचादर’, मधे जागाच नाही. शब्दकोशात सोला, पुरी, सोलापुरी, चा, दर, चादर एवढेच शब्द धरा आणि ही ओळ शब्दांत तोडायच्या सगळ्या रीती रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावून, काढा. सुरुवातीपासून एकेक अक्षर वाढवत जायचं. तुकडा कोशात सापडला की यादीत टाका, उरलेल्या स्ट्रिंगसाठी (अक्षरांच्या ओळीसाठी) तेच फंक्शन बोलवा, आणि परत आल्यावर तो तुकडा यादीतून काढा. हे काढणं म्हणजेच बॅकट्रॅकिंग, आणि नेमकं तेच विसरतं. स्ट्रिंग संपली की एक उत्तर मिळालं. पण यादीची कॉपी साठवा. मी मूळ यादीच साठवली होती, शेवटी हाती चार रिकाम्या याद्या!

उत्तरं चारच: सोलापुरी किंवा सोला-पुरी, पुढे चादर किंवा चा-दर. पहिला जुळला तोच धरून बसलात तर ‘सोला पुरी चा दर’ एवढंच मिळेल, चादर गेली.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून या स्ट्रिंगची लांबी ७ नव्हे, १२. मात्रेआधी तुटलेला तुकडा कोशच नाकारतो, काळजी नको. इंडेक्स ८ पासूनचं (मोजणी ० पासून) ‘चादर’ मात्र दोनदा सोडवलं जातं. स्ट्रिंग लांब असेल तर इंडेक्सनुसार उत्तर पायथनच्या डिक्शनरीत (शब्दकोश नव्हे, इंडेक्स-उत्तर अशा जोड्या ठेवायची जागा) साठवून ठेवा.