मधुमेह असताना उपवास करायचा असेल, तर ताट आणि गोळ्या यांचा मेळ कसा घालावा

महिन्यातल्या दोन एकादश्या, एक संकष्टी आणि घरात पाळला जाणारा सोमवार किंवा गुरुवार, असे सगळे धरले तर महिन्याचे सहा-सात दिवस उपवासाचे होतात. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते आणि तेवढ्या काळात असे वीसेक दिवस येतात. म्हणून ‘एका दिवसाने काय बिघडते’ असे म्हणणे मधुमेहींना परवडणारे नाही.

माझ्या आईने एका संकष्टीला सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नंतर दिवसभर चहाखेरीज काहीही घेतले नाही. संध्याकाळी मोदकाची पारी वळताना तिच्या बोटांना कंप सुटला, पदर घामाने भिजला आणि ती मला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. ग्लुकोमीटरवर ५२ हा आकडा दिसला. गोळी चुकली नव्हती, उपवासही नेहमीचाच होता. दोन्हींचा एकत्र विचार मात्र आम्ही कोणीच केला नव्हता.

त्यामुळे पहिले काम असे, की उपवासाच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि उपवास कसा करता ते मोकळेपणाने सांगावे: फराळ करता की निरंकार राहता, सोडता रात्री चंद्रोदयानंतर की दुसऱ्या दिवशी द्वादशीला. पाकिटावरची नावे नीट वाचणे गरजेचे आहे, कारण मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अनेकदा एकाच गोळीत असतात. नुसत्या मेटफॉर्मिनने किंवा ग्लिप्टिन गटातल्या औषधांनी साखर सहसा धोकादायकरीत्या उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र पोटात अन्न नसले तरी साखर उतरवत राहतात, म्हणून त्यांची वेळ किंवा मात्रा त्या दिवसापुरती बदलावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात; हरितालिकेसारख्या निर्जळी उपवासात त्यांच्यामुळे शरीरातले पाणी घटते आणि रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका वाढतो. हे सारे बदल डॉक्टरांनीच ठरवावेत. भीतीपोटी सगळी औषधे स्वतःहून बंद करणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अलीकडेच साखर फार उतरल्याचा प्रसंग असेल, तर उपवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताटाकडे वळू. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. कोरड्या साबुदाण्याच्या वजनाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग पिष्टमय असतो, त्यात प्रथिने आणि तंतू जवळजवळ नसतात. वर खिचडीत बटाटा, सोबत वेफर्स आणि गोड दही आले, की दोन तासांनी साखर हमखास चढलेली दिसते. त्याऐवजी शिजवलेली भगर एक वाटी आणि तिच्यासोबत दाण्याची आमटी घ्यावी, किंवा राजगिऱ्याच्या पिठाचे एक थालीपीठ, काकडीची कोशिंबीर आणि दही घ्यावे. भगरही पिष्टमयच आहे, तेव्हा वाटी एकच. लाल भोपळ्याचे भरीत, ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे पोटाला आधार देतात. फळांत केळी-खजुरापेक्षा एखादा पेरू बरा. दिवसभर उपाशी राहून एकदाच पोटभर खाण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी थोडे खावे, आणि उपवास सोडताना पहिला घास मोदकाचा न घेता वरण-भाजीचा घ्यावा.

साखर सकाळी, दुपारी, उपवास सोडण्यापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासावी. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने उपवास मोडत नाही. आकडा ७० च्या खाली गेला, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही जाणवले, तर उपवास तिथेच थांबवून सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खावे. जे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात त्यांनी घरात ग्लुकोजच ठेवावे, कारण या गोळ्या नेहमीच्या साखरेचे पचन लांबवतात आणि ती वेळेवर उपयोगी पडत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. आकडा ३०० च्या वर गेला तरीही उपवास थांबवून डॉक्टरांना विचारावे.

आई आजही संकष्टी करते. त्या दिवसाची तिची गोळी डॉक्टरांनी कमी मात्रेत, रात्रीच्या जेवणाआधी घ्यायला सांगितली आहे, आणि दुपारी चारला ती भगर व ताक घेते. दिनदर्शिकेतल्या चतुर्थीच्या चौकोनात चंद्रोदयाच्या वेळेखाली ती साखरेचे चारही आकडे पेन्सिलीने लिहून ठेवते, आणि पुढच्या तपासणीला जाताना तेच पान सोबत नेते.