590 रुपयांनी अडवलेली फरशी
नाशिकला सिडकोतल्या घराच्या बाथरूमची फरशी पार उखडली होती. द्वारकेजवळच्या दुकानात टाइल्स, नळ, बेसिन मिळून 84 हजार झाले. हप्त्यांवर घ्यायचं म्हणून दुकानातल्या पोराने माझा पॅन नंबर टाकला आणि मोठ्याने म्हणाला, "काका, रिजेक्ट दाखवतंय." तेही बायकोसमोर!

सिबिलचा, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्कोअर 900 पैकी 641. कारण? केव्हाच बंद केलेल्या क्रेडिट कार्डाची 590 रुपये वार्षिक फी थकलेली. बँकेकडून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, घेतलं, सिबिलवर ऑनलाइन तक्रार टाकली. 30 दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चोविसाव्या दिवशीच नोंद सुधारली. पुन्हा गेलो, मंजूर! 'नो कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी हप्त्यांवर प्रोसेसिंग फी मात्र लागलीच.